पाळण्याची दोरी

चौथीच्या वर्गाला मी हिरकणीची गोष्ट सांगत होते. ही गोष्ट सांगताना शिक्षकाला फारसे कष्ट पडत नाहीत. गोष्ट आपली आपण चालते. कोजागिरीची संध्याकाळ, सूर्यास्ताबरोबर मिटलेले रायगडाचे दरवाजे, हुकुमाला बांधलेले पहारेकरी, खाली पायथ्याच्या वाडीत तान्हे बाळ आणि वर गडावर कासावीस झालेली गवळण. ती कडा उतरू लागली की मुले श्वास रोखून धरतात, आणि महाराजांनी बुरूज बांधून त्याला तिचे नाव दिले की टाळी पडते. त्या दिवशीही पडली. टाळी ओसरली, आणि मागच्या रांगेतली एक मुलगी उठून म्हणाली, “बाई, मंग ती गडावर दूध घालाया गेली, तवा लेकराला कुनी धरलं व्हतं?”

मी म्हटले, “निजवून गेली असेल.”

“तवर न्हाई निजत लेकरू,” ती म्हणाली आणि खाली बसली. तिच्या मांडीवर तिचा आठ महिन्यांचा भाऊ होता.

वर्ग हसला, मीही हसले. परंतु तो प्रश्न काही मनातून गेला नाही. मी मॅट्रिकपुढे शिकलेली नाही. समीक्षेची परिभाषा माझ्यापाशी नाही, आणि ज्या मोठमोठ्या कसोट्यांवर विद्वान मंडळी साहित्य पारखतात त्या मला पेलणाऱ्याही नाहीत. तथापि त्या मुलीने नकळत एक कसोटी माझ्या हाती दिली. तेव्हापासून जिच्यात आई आहे अशी कोणतीही कथा, कविता वा कादंबरी हाती घेतली की मी आधी तेवढेच विचारते : ती बाहेर गेली तेव्हा बाळाला कोणी धरले होते? दिवाळीच्या फराळाबरोबर असला प्रश्न पानात वाढणे बरे दिसत नाही, हे मला कळते. पण आमच्या बीड जिल्ह्यात हा प्रश्न नेमका दिवाळीच्याच सुमारास रस्त्यावर येतो. तो का, ते पुढे सांगेन.

प्रथम हिरकणीकडेच वळू. ही लोकांच्या ओठांवर वाढलेली आख्यायिका आहे. तिला इतिहासाची कागदपत्रे मागू नयेत. मात्र लोकांनी गोष्टीत काय ठेवले आणि काय गाळले, हे पाहण्याचा हक्क वाचकाला आहे. ठेवली ती आई, ठेवला तो कडा, ठेवला तो गुणग्राही राजा. गाळले ते झोपडीतले माणूस. दूध विकणाऱ्या बाईला रोजच गड चढावा लागत असणार. रोज ती बाळाचे काय करीत होती? शेजारीण पाहत होती की सासू? की खरेच बाळ एकटे होते? गोष्टीला याचे सोयरसुतक नाही, कारण झोपडीत एखादे माणूस बसविले तर कडा उतरण्यातील थरार निघून जातो. म्हणजे कथेच्या सोयीसाठी बाळ एकटे राहिले पाहिजे! आणि एकदा ते एकटे राहिले की त्या एकटेपणाबद्दल कोणालाही बोल लागत नाही. उलट आईच्या पदरात गौरव पडतो. सोय नव्हती म्हणून तिला शौर्य करावे लागले, आणि तिने शौर्य केले म्हणून सोय करण्याचे कोणाला सुचले नाही.

गोष्टींचा पगडा केवढा असतो पाहा. आपल्या एस. टी. स्थानकांवर मातांना बाळाला पाजण्यासाठी जो आडोसा केला, त्याला नाव दिले ‘हिरकणी कक्ष’. २०२२ च्या डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनाला देवळालीच्या आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांचे बाळ कडेवर घेऊन आल्या, तेव्हा विधानभवनातही हिरकणी कक्ष उघडण्यात आला. आडोसा हवाच होता, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु हिरकणीची अडचण आडोशाची नव्हती. तिला दिवसभर बाळापाशी बसणारे माणूस हवे होते. जी गोष्ट कथेने गाळली, ती कथेवरून नाव घेणाऱ्यांच्याही नजरेतून सुटली.

आता पाळणे घ्या. हा आपला खास घरगुती वाङ्मयप्रकार. रामनवमीला भर दुपारी रामाचा पाळणा, गोकुळाष्टमीला मध्यरात्री कृष्णाचा, शिवजयंतीला शिवाजीराजांचा, आणि घरोघरी बाराव्या दिवशी आपापल्या बाळाचा. बारशाला एक विधी असतो. त्याकडे वाचक भगिनींनी पुन्हा एकदा लक्षपूर्वक पाहावे. बाळाला पाळण्याच्या खालून आणि वरून एकीच्या हातून दुसरीच्या हाती देतात. आत्या, मावशी, काकी, शेजारीण, सगळ्यांचे हात त्याला लागतात. हा विधी ज्या कोणी योजला तिला फार कळत होते. बाळ एका जोडीच्या हातांनी वाढत नाही, हे तिने बाराव्या दिवशीच सगळ्यांच्या साक्षीने कबूल करून घेतले. दुर्दैव एवढेच, की तेराव्या दिवसापासून ही कबुली कोणाला आठवत नाही आणि पाळण्याची दोरी तेवढी एकट्या आईच्या हाती उरते. मग ती दोरी ओढणारी माउली जगाचा उद्धार कसा करते, हे सुभाषित आपण भिंतीवर लावतो. दोरी हाती असताना दुसऱ्या हाताने विळा कसा धरावा, हे त्या सुभाषितात कोठे लिहिलेले नसते.

जात्यावरची ओवी या बाबतीत अधिक खरी आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रभर हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या; आमच्या माजलगावच्या बायाही त्यांत गाऊन गेल्या आहेत. साने गुरुजींनी त्यांच्या आधी ‘स्त्री जीवन’च्या दोन भागांत अशाच ओव्या साठविल्या. ओवीतले बाळ कधी एकटे नसते. त्याच्याभोवती मामा असतो, मावशी असते, आत्या असते. आणि सर्वांत महत्त्वाची म्हणजे शेजी असते. ही शेजी ओवीत सारखी ये-जा करते. कधी ती टोचून बोलते, कधी हेवा करते, पण असते. दळणारणीला आपल्या भोवतीच्या हातांचा हिशेब ठाऊक होता. तिने तो गाण्यात मांडला. लिहिणाऱ्यांनी मात्र पुढे ही शेजी गाळून टाकली.

लिहिणाऱ्यांचे काय झाले, हे ‘श्यामची आई’वरून पाहू. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात हे पुस्तक लिहिले आणि १९३५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. मराठी घरात ते कसे वाचले जाते हे सांगायला नको. माझ्याकडच्या प्रतीची चार पाने डोळ्यांतल्या पाण्याने चिकटली आहेत. पण त्याच घरात ‘दूर्वांची आजी’ म्हणून एक म्हातारी राहते, आणि आईच्या अखेरच्या दुखण्यात सखूमावशी येऊन रात्रंदिवस उशाशी बसते. गुरुजींनी या दोघींना विसरून टाकले नाही. ते फार प्रामाणिक लेखक. आम्ही वाचकांनी विसरून टाकले. आई म्हटली की श्यामची आई आम्हांला आठवते. त्या घराला टेकू देणारे दुसरे हात कोणाचे होते, असा प्रश्न परीक्षेच्या कागदावर मी इतक्या वर्षांत एकदाही घातलेला नाही.

विभावरी शिरूरकरांच्या ‘कळ्यांचे निःश्वास’ने १९३३ मध्ये खळबळ उडविली. शिकलेल्या, मिळवत्या, अविवाहित मुलींचे दुःख त्या पुस्तकाने प्रथमच उघड केले. पण तेथे प्रश्न लग्नाच्या उंबरठ्यापर्यंतचा आहे. पाळणा अजून पुढे आहे. मिळवती मुलगी मिळवती आई झाली म्हणजे काय होते, हे सांगायला उद्धव शेळक्यांच्या ‘धग’मधली कौतिक १९६० साली यावी लागली. संसाराचे सगळे ओझे डोक्यावर घेऊन मोलमजुरी करणारी ही बाई मराठी कादंबरीतील थोर आई आहे, यात मला शंका नाही. शेळक्यांनी तिला देव्हाऱ्यात बसविले नाही, रानात उभे केले. म्हणूनच ती वाचताना बाईच्या कष्टाला मुलांच्या वाटच्या वेळाची किंमत द्यावी लागते हे जाणवत राहते. असे लिहिणारे आपल्याकडे मोजके.

मी स्वतःही त्या मोजक्यांत नाही, हे सांगून टाकलेले बरे. माझ्या पहिल्या कादंबरीतील नायिका विधवा, शेतमजूर आणि एका तान्ह्या मुलीची आई आहे. परवा ती कादंबरी पुन्हा चाळली. नायिका पाटलाशी भांडते, तालुक्याला खेटे घालते, मोर्चात जाते. आणि जवळजवळ दीडशे पाने ती मुलगी झोपलेली आहे! जेथे जेथे बाळाची अडचण झाली तेथे तेथे मी ते निजविले. लेखिकेला तेवढे सोपे होते. माझ्या वर्गातल्या मुलीला विचारले असते, तर तिने पहिल्याच प्रकरणात सांगितले असते की एवढा वेळ लेकरू निजत नाही.

हा सर्व रानातला, खेड्यातला विचार झाला. शहरात तर ना वाडा, ना शेजी, ना आजी. मग मुंबईने हा प्रश्न कसा सोडविला? पुष्कळ वर्षे तिने तो सोडविलाच नाही, गावावर ठेवून दिला. गिरणगावात पुरुष खानावळीत जेवायचा, खोलीत पाळीपाळीने झोपायचा, आणि बायको-मुले कोकणात, घाटावर राहायची. अण्णा भाऊ साठ्यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड आपण विरहाचे आणि संयुक्त महाराष्ट्राचे गाणे म्हणून ऐकतो, आणि ते तसे आहेच. पण त्याच्या शीर्षकातच मुंबईच्या संसाराचा हिशेब आहे : मुंबईला गड्याचे हात हवे होते, त्याचे बाळ नको होते.

तरीही ज्या बाया गिरणीत आल्या त्यांनी काय केले? ते फार दुःखदायक आहे. बाळाला अफूची गोळी देऊन निजवीत. तिला ‘बाळगोळी’ असे गोजिरे नाव होते. आपल्या घरातल्या बाळगुटीशी तिचा नावापुरताच संबंध. १९२० च्या सुमारास सरकारी पाहणीत ही चाल सर्रास असल्याचे नमूद झाले. मी माझ्या कादंबरीतले बाळ शाईने निजविले. त्या बायांना ते अफूने निजवावे लागले. आईला निर्दय म्हणणे सोपे आहे. बारा तास साच्यापाशी उभे राहायचे, आणि खोलीत बाळापाशी कोणी नाही, अशा बाईपुढे दुसरा मार्ग कोणी ठेवला होता?

याच वेळी मुंबईत एक भाषण झाले. वाङ्मयाच्या इतिहासात त्याची नोंद नसते. १९२८ च्या जुलैत मुंबई कायदेमंडळात मातांच्या प्रसूतिकालीन साहाय्याचे विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने उभे राहिले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि म्हणून त्या खर्चाचा भार सरकारनेही उचलला पाहिजे, असा त्यांचा रोख होता. १९२९ मध्ये तो कायदा झाला. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासाहून अधिक बाया कामाला असतील तेथे पाळणाघर बंधनकारक केले, आणि १९७६ च्या दुरुस्तीने तो आकडा तीसवर आणला. २०१७ च्या दुरुस्तीने मातेची रजा सव्वीस आठवड्यांची केली आणि पन्नास माणसे कामाला असलेल्या प्रत्येक आस्थापनेस पाळणाघराचे बंधन घातले. आईने दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊन यावे, हेही लिहिले. मला यात वाङ्मयीन दृष्ट्या काय दिसते ते सांगते. कवी जेव्हा आईच्या काळजाची थोरवी गात होते, तेव्हा आईच्या हातांची अडचण नेमक्या शब्दांत मांडण्याचे काम कायद्याच्या रुक्ष भाषेने केले.

नारायण सुर्व्यांची हकीकत या संदर्भात मला नेहमी आठवते. १९२६ च्या सुमारास मुंबईच्या रस्त्यावर टाकून दिलेले एक तान्हे मूल गंगाराम सुर्वे या गिरणीकामगाराने उचलून घरी आणले, काशीबाईने ते पोटाशी धरले, आणि त्या मुलाने पुढे ‘ऐसा गा मी ब्रह्म’ आणि ‘माझे विद्यापीठ’ लिहिले. मराठी कवितेचे एक दालनच त्या दिवशी गटारात वाहून जायचे राहिले. उचलणाऱ्या हातांचे कौतुक आपण करतो ते योग्यच आहे. पण मूल उचलायला एक क्षण लागतो. ते धरून ठेवायला वर्षे लागतात. गिरणीचा भोंगा झाला की चाळीत एखादी म्हातारी, एखादी बाळंतीण, एखादी आठ-दहा वर्षांची पोर दहा घरांची मुले राखीत बसायची. गिरणगाव ज्यांच्या जिवावर चालले त्यांत साचेवाल्याइतकीच तीही होती. तिच्यावर कादंबरी व्हायला हवी.

दुसऱ्या टोकाला, पुण्यामुंबईच्या मध्यमवर्गाने आपले पाळणाघर काढले. दादर, डोंबिवली, सदाशिव पेठ, कोठेही जा; एखाद्या दोन खोल्यांच्या घरात एक काकू शेजारपाजारची सहा-सात मुले सांभाळीत असतात. या काकूंनी कितीतरी संसार तारले आहेत. माझी धाकटी बहीण पुण्यास नोकरी करते. तिची सव्वीस आठवडे रजा संपत आली तेव्हा तिने अशी पाळणाघरे धुंडाळली. एक काकू दीड वर्षाच्या आतले मूल घेत नव्हत्या. दुसऱ्या ठिकाणी सहाला दार बंद, आणि हिची बस पोहोचायची साडेसातला. तिसरे चकचकीत होते, भिंतीवर ससे रंगविलेले होते, आणि त्याची फी ऐकून बहिणीने आपला पगार कागदावर मांडला तर निम्मा तेथेच जात होता. मग आमच्या आईने चार महिने आणि तिच्या सासूबाईंनी चार महिने अशी पाळी लावली. ज्या आज्यांनी पेन्शनीत काशीयात्रा करायची, त्या शिवाजीनगरच्या स्थानकावर एकमेकींना बाळ सोपवीत होत्या! शेवटी एक बाई मिळाली.

सुटीत मी गेले तेव्हा त्या बाईंची बोली ऐकून मी ओळखले. आष्टी तालुक्याच्या निघाल्या. बाळाला त्यांनी असे काही खांद्यावर घेतले होते की मला एकदम हायसे वाटले. बोलता बोलता मी विचारले, “तुमचं लहान कुठं असतं?”

“गावाकडं हाय. थोरली सांभाळती.”

“थोरली केवढी?”

“अकराची.”

“आणि शाळा?”

त्यांनी उत्तर दिले नाही. बाळाचे टोपडे नीट केले आणि त्या त्याला घेऊन खिडकीपाशी गेल्या. माझ्या बहिणीचा यात काही दोष नाही. ती पगार वेळेवर देते, दिवाळीला साडी घेते. त्या बाईंचाही नाही. परंतु पुण्यातील एका घराने दोरी हातातून सोडली ती आष्टीच्या बाईंनी धरली, त्यांच्या हातून सुटली ती अकरा वर्षांच्या मुलीने धरली, आणि तिच्या हातून सुटली ती पाटी. ही साखळी शहरातल्या पाळणाघराच्या फीच्या कागदावर दिसत नाही. आमच्या शाळेच्या हजेरीपटावर दिसते.

आता दिवाळीचे सांगते. दसरा झाला की आमच्याकडे ऊसतोडीच्या टोळ्या निघू लागतात. मुकादमाने उचल दिलेली असते, ती फेडायला लाखो माणसे पाच-सहा महिने सातारा, सांगली, कोल्हापूर, पुणे, नगर आणि पार कर्नाटकापर्यंत जातात. हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा गाड्या भरलेल्या असतील : भांडी, पीठ, कोंबड्या, शेळी, आणि सगळ्यांत वर मुले. नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. एकटा माणूस असला तर तो ‘अर्धा कोयता’. लेकराला बरे नाही म्हणून बाई फडात गेली नाही, तर त्या दिवसाचा ‘खाडा’ पडतो आणि पैसे कापले जातात. अशा हिशेबात लेकरू धरणारी मुलगी कितवा भाग धरावयाची? पूर्ण नाही, अर्धी नाही, पावही नाही. पहाटेच्या अंधारात आईबाप फडात शिरतात. ती कोपीपाशी किंवा बांधावरच्या झोळीपाशी बसते. तिच्या नावावर उचल नाही, मजुरी नाही. खाडा मात्र शाळेत रोज पडतो. अशा मुलांसाठी कारखान्यांवर साखरशाळा निघाल्या, गावोगावी हंगामी वसतिगृहे निघाली; त्यांनी पुष्कळ मुले शाळेत राहिली. पण वसतिगृह घेते ते सहा वर्षांवरच्या मुलाला. तान्हे आईबरोबरच जाते, आणि तान्हे गेले की त्याला धरणारी बहीणही जाते.

माझ्या त्या मागच्या रांगेतल्या मुलीचे काय झाले, हे सांगणे मी टाळीत होते. हिरकणीच्या गोष्टीनंतर पंधरा दिवसांनी शाळेची तपासणी होती. बाळ तिच्या मांडीवर होतेच. साहेब येण्याच्या वेळेला ते रडू लागले. मी तिला म्हटले, “आजच्या दिवस त्याला घरी ठेवून ये.” तिने माझ्याकडे पाहिले. घरी कोण होते? तीच तर त्याचे घर होती! दप्तर आणि भाऊ घेऊन ती गेली. तपासणी चांगली झाली. शेऱ्यात शिस्तीचा उल्लेख आला. ती त्या आठवड्यात आली नाही, आणि मग दिवाळीची सुटी लागली. सुटीनंतर टोळीबरोबर गेल्याचे कळले. पुढच्या वर्षी पटावर नाव होते, मुलगी नव्हती. गडाच्या दरवाजावरच्या पहारेकऱ्यांना मी दरवर्षी वर्गात थोडे कठोरपणे रंगवीत असे. आता तसे रंगवीत नाही.

या प्रश्नाचे उत्तर मराठीत कोणी दिलेच नाही, असे मात्र नाही. दिले आहे, आणि ते एका शिक्षिकेच्या पुस्तकात आहे. १९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढले; अनुताई वाघ त्यांच्याबरोबर गेल्या; १९५७ मध्ये काम डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर आले. तेथील वारली मुले शाळेत येत ना. का येत नाहीत म्हणून या बायांनी मुलांनाच दोष दिला नाही. मुले कोठे आहेत ते जाऊन पाहिले. काही गुरे राखीत होती, तर कुरणशाळा काढून शाळाच कुरणात नेली. काही झोपड्यांच्या अंगणात होती, तर वर्ग अंगणात भरविला. ‘अंगणवाडी’ हा शब्द तेथून पुढे देशभर गेला. आणि मुली धाकटी भावंडे धरून बसल्या होत्या, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणून ‘विकासवाडी’ केली. भावाला एका खोलीत ठेवायचे आणि शेजारच्या खोलीत आपण शिकायचे. किती साधी गोष्ट! पण ती सुचायला आधी मुलीच्या मांडीकडे पाहावे लागते.

अनुताईंचे ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ १९८० मध्ये आले. आत्मकथनांच्या यादीत त्याचे नाव असते, पण वाङ्मय म्हणून त्याची चर्चा क्वचितच होते. माझ्या मते ती व्हायला हवी. त्यांच्या गद्यात अलंकार नाहीत. चिखल आहे, खरूज आहे, न्हाऊ घालण्याचे पाणी आहे. आईच्या हृदयाबद्दल त्या फारसे बोलत नाहीत. मुलाला कोणी धरले, कोठे धरले, किती वेळ धरले, ते सांगतात. बाळाला धरणे हे काम आहे, त्याला जागा लागते, माणूस लागते, शिक्षण लागते, ही जाणीव ज्या गद्यात आहे ते मला मातृप्रेमाच्या शंभर कवितांपेक्षा अधिक काव्यमय वाटते. कोणाला हे अरसिकपणाचे वाटेल. वाटो.

ही परंपरा जुनीच आहे. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि फसलेल्या विधवांची बाळे आपल्या घरात धरली. त्यांतलाच यशवंत त्यांचा मुलगा झाला. ‘काव्यफुले’ लिहिणारी ती कवयित्री पाळण्यावर गाणे रचून थांबली नाही, पाळणा घरी आणला. १९६९ मध्ये मीरा महादेवन यांनी दिल्लीत बांधकामाच्या जागीच मजुरांच्या मुलांसाठी पाळणाघर उभे केले. ते काम पुढे १९७२ मध्ये मुंबईत आणि १९८१ मध्ये पुण्यात आले. २००५ च्या रोजगार हमीच्या कायद्याने तर एक फार मोठे वाक्य लिहिले : कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुले असतील, तर एका बाईला त्यांच्याकडे पाहण्यासाठी नेमावे आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यावी. लेकरू धरणे म्हणजे एक दिवसाचा रोज, हे त्यात उघड मान्य झाले. उसाचा फड त्या कायद्याच्या कक्षेत नव्हता, ही आमची वाईट गोष्ट. २०२२ मध्ये केंद्राच्या पाळणाघर योजनेला ‘पाळणा’ असेच नाव मिळाले. शब्द आपल्या घरातला आहे. तो फडाच्या बांधावर पोहोचला पाहिजे.

साहित्याने फडावर पाळणाघर बांधावे, असे माझे म्हणणे नाही. ते ज्यांचे काम त्यांनी करावे. लेखकाकडे माझे मागणे लहान आहे. त्याने आपल्या कथेतले बाळ उगाच निजवू नये. आई दाराबाहेर पडली की क्षणभर मागे वळून पाहावे, घरात कोण उरले आहे ते लिहावे, आणि तिला नाव द्यावे. ज्या माणसाला कथेत नाव मिळत नाही त्याला हिशेबातही नाव मिळत नाही, असा माझा अनुभव आहे.

आमच्या वर्गाच्या आढ्याला मी गेल्या चार वर्षांपासून एक कडी ठोकून घेतली आहे. झोळी बांधायला ती पुरते. तपासणीस आलेल्या साहेबांनी विचारले, “हे काय?” मी म्हटले, “शैक्षणिक साहित्य.” ते हसले आणि पुढे गेले. एका कडीने टोळ्या थांबत नाहीत, हे मला कळते. पण दसऱ्यापर्यंतचे महिने तरी दोन-तीन मुली त्या झोळीला पायाने झोके देत देत बेरजा करतात. हिरकणीची गोष्ट मी अजूनही सांगते. टाळी पडते. टाळी ओसरली की आता मीच विचारते, की बाळाला कोणी धरले होते. आणि वर्गातला निम्मा हात वर होतो.